महिष्मतीचा मुकुट आणि महेश्वरची गादी

भिलाई हे राजावाचून वसलेले नगर आहे. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि या दोन घटनांच्या दरम्यान भाताच्या शेतांवर जी वसाहत उभी राहिली तिला ना तट होता, ना वेस, ना राजवाडा; तिच्या मोहल्ल्यांना कोणा सरदाराचे नाव मिळाले नाही, सेक्टरचे क्रमांक मिळाले. अशा नगराच्या कडेला, दुर्ग आणि भिलाई यांच्या वस्तीत आता पुरते मिसळून गेलेल्या बोरसीत राहणाऱ्या माणसाने मुकुट आणि राजचिन्हे यांविषयी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन इतकेच, की संस्थाने विलीन होऊन पाऊणशे वर्षे उलटून गेल्यावरही लग्नसराईत येथील मांडवांच्या कमानींवर दोन सिंह एक ढाल धरून उभे असतात, गणेशोत्सवातील देखाव्यांचे महाद्वार कोणत्या ना कोणत्या चित्रपटातील राजधानीवरून उचललेले असते, आणि वाढदिवसाच्या फलकांवर वॉर्डातील होतकरू पुढाऱ्याच्या छायाचित्रावर मुकुट रेखाटण्यास फलक रंगविणारा आता कोणाची परवानगीही घेत नाही.

हा मुकुट आपल्याकडे आला कोठून? राजांच्या डोक्यावरून तो आला असे म्हणवत नाही. १८९४ साली मुंबईत निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्याने देवादिकांच्या तसबिरी घरोघर पोचविल्या, संगीत नाटकांच्या कपडेपटाने त्यांतील किरीटांना जर आणि भिंगे लावली, ‘चांदोबा’च्या पानांवर राजा शयनगृहातही मुकुट उतरवीत नसे, आणि शेवटी चित्रपटाने या सर्वांवर कळस चढविला. २०१५ आणि २०१७ साली ‘बाहुबली’चे दोन भाग आले, त्याच दशकात, २०११ पासून २०१९ पर्यंत, ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या परदेशी मालिकेने घराण्याघराण्याला लांडगा, सिंह, हरिण अशी निशाणे वाटून दिली, आणि आमच्या आळीतील तरुणांना भोसले, शिंदे, होळकर यांच्या निशाणांपेक्षा ती अधिक चटकन ओळखता येऊ लागली. याचा मला राग नाही. कल्पित राज्ये रचणे हा मनुष्याचा जुना छंद आहे, आणि ज्याने लहानपणी एकही राज्य रचले नाही त्याच्या बालपणाविषयी मला हळहळच वाटेल. माझी तक्रार वेगळी आहे. या कल्पित राज्यांत चिन्ह हेच सत्ता होऊन बसते. ज्याच्या मस्तकी मुकुट तो राजा, ज्याच्या ढालीवर सिंह तो शूर, आणि मुकुट खऱ्या वारसाच्या डोक्यावर गेला की गोष्ट संपली. तो मुकुट कोणी दिला, कोणत्या अटीवर दिला, आणि अट मोडली तर तो कोणी काढून घ्यावा, या प्रश्नांना अशा कथेत बहुधा जागा नसते. आपल्या मुलखात ज्यांनी खरोखर राज्य केले त्यांच्या चिन्हांत मात्र हेच प्रश्न पहिल्याने येत असत.

‘बाहुबली’तील राज्याचे नाव महिष्मती. नाव कल्पित नव्हे. नर्मदातीरीची माहिष्मती ही पुराणप्रसिद्ध हैहयांची, सहस्रार्जुनाची राजधानी. काही अभ्यासक ती मांधात्याला दाखवितात, बहुतेकांचे मत महेश्वराकडे झुकते. त्या हैहयांचे वंशज म्हणविणारे कलचुरी आमच्या या दक्षिण कोसलात आले आणि त्यांनी रतनपूर येथे सातशे वर्षांच्या आसपास राज्य केले, तेव्हा चित्रपटातील नाव ऐकून छत्तीसगडच्या माणसाने थोडे चमकून पाहावयास हरकत नाही. नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी या कलचुरींचे शिलालेख आणि ताम्रपट वाचून १९५५ साली त्यांचा जो कोश सिद्ध केला तो ज्यांनी चाळला असेल त्यांस हे ठाऊक आहे, की या राजांची ओळख दानपत्रांतून पटते. कोणाला कोणते गाव दिले, त्याच्या सीमा कोणत्या, दानाच्या वेळी ग्रहण होते की संक्रांत, इतके सारे त्यांत येते. जाजल्लदेवाच्या सुवर्णनाण्यांवर हत्तीवर झेपावणारा सिंह आहे आणि तांब्याच्या नाण्यांवर हनुमान. सिंह सोन्याच्या नाण्यावर, म्हणजे सावकाराच्या आणि सामंताच्या हातात. हनुमान तांब्याच्या नाण्यावर, म्हणजे बाजारात भाजी घेणाऱ्याच्या कनवटीला. ज्या कोणी ही वाटणी ठरविली त्याला राजचिन्ह कोणी पाहावयाचे असते याची चांगली जाण होती असे मी म्हणेन. आणि पुढे याच राज्याची व्यवस्था शिवनाथ नदीच्या उत्तरेस अठरा गड व दक्षिणेस अठरा गड अशी मानली गेली, दुर्ग आणि पाटण हे दक्षिणेच्या अठरांतले. ज्या छत्तीस गडांच्या नावाने आज आमचे राज्य ओळखले जाते ते गड म्हणजे काही बुरुजांची रांग नव्हे. ती मुख्यत्वे वसुलाची आणि गावांची विभागणी होती.

आणि महेश्वर? तेथे १७६७ पासून १७९५ पर्यंत अहिल्याबाई होळकरांनी राज्य केले. ज्याने चित्रपटातील महिष्मतीची सुवर्णाची सिंहासने आणि आकाशाला भिडणारे पुतळे पाहिले आहेत त्याने एकदा त्या वाड्यात जाऊन यावे. लाकडी खांबांची ओसरी, बसावयास पांढरी गादी, मागे लोड. मुकुट कोठेच नाही. राज्य शंकराचे, आपण त्याच्या वतीने कारभार पाहणाऱ्या, अशा भावनेने त्यांच्या आज्ञापत्रांवर श्रीशंकराचे नाव येत असे. यात भक्ती होतीच. पण राजकारणही होते, आणि ते उच्च प्रतीचे होते. पती आणि पुत्र दोघेही गमावलेल्या स्त्रीने दौलत चालवावी हे ज्यांना रुचत नव्हते, ते तिच्याशी वाद घालू शकत होते. शंकराशी वाद घालणे त्यांना अवघड होते. परंतु या युक्तीची दुसरी बाजू अशी, की ज्याने देवाच्या नावाने सही केली त्याला खजिन्यातील प्रत्येक रुपया देवाचा म्हणून मोजावा लागतो. खासगीचा हिशेब निराळा आणि दौलतीचा निराळा ठेवण्याची बाईंची शिस्त प्रसिद्ध आहे.

आता आमच्या प्रांताकडे येतो. १७४१ साली नागपूरच्या भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर निघाले असता वाटेत त्यांनी रतनपूर घेतले. मराठ्यांनी दुर्गच्या उंचवट्यावर छावणी बांधून तेथून हा मुलूख आक्रमिला, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपुरास राहिले. रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचे. दसऱ्याला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल या भागात त्यांच्यामुळे रूढ झाली असे येथील इतिहासकार सांगतात, आणि दफ्तरात मोडी लिपीही त्यांच्याच काळी आली. त्यांच्यानंतर सुभेदार, कमाविसदार ही मंडळी आणि परगण्यांची व्यवस्था आली व त्यांच्याबरोबर वसुलाचा जाचही आला, हे मराठी माणसाने झाकून ठेवण्याचे कारण नाही. परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते या घराण्याच्या एका तलवारीविषयी.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सोदबीच्या लिलावात पहिल्या रघूजी भोसल्यांची एक तलवार विक्रीस निघाली. महाराष्ट्र शासनाने ती ४७ लाख १५ हजार रुपयांस घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. पाते युरोपी घडणीचे, म्हणजे जिला फिरंग म्हणत ती जात, आणि पात्यावर सोन्याच्या अक्षरांत देवनागरीत नाव. वर्तमानपत्रांनी तिच्या किमतीची चर्चा केली, मिरवणुकीची छायाचित्रे छापली. पण त्या अक्षरांकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही. ओरिसा आणि बंगालपर्यंत ज्याच्या घोड्यांच्या टापा गेल्या, ज्याच्या भीतीने कलकत्त्याच्या इंग्रजांनी खंदक खणण्यास घेतला, त्या पुरुषाने आपल्या तलवारीवर आपल्याला राजा म्हणविले नाही. त्यावर आहे ‘सेनासाहेबसुभा’. हे पद सातारच्या छत्रपतींनी दिलेले. म्हणजे तलवारीवर जे कोरले आहे ती त्याची नेमणूक आहे. रणात शत्रूपुढे उपसावयाच्या शस्त्रावर धन्याचे देणे कोरून ठेवणारा हा मनुष्य ‘गेम ऑफ थ्रोन्स’मध्ये पहिल्याच भागात हास्यास्पद ठरला असता.

मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेत सत्तेचे मुख्य चिन्ह मुकुट नव्हे, वस्त्रे होते. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून यावयाची, शिक्के-कट्यार यावयाची, आणि ती आल्यावाचून पुण्यात कितीही फौज असली तरी पेशवा पेशवा होत नसे. १७७४ साली पुरंदरावर सवाई माधवराव जन्मले तेव्हा चाळीस दिवसांच्या त्या अर्भकास बारभाई कारभाऱ्यांनी साताऱ्याहून वस्त्रे आणविली. त्याच्याही पुढची गंमत १७९२ ची. महादजी शिंदे बादशहाचे फर्मान घेऊन पुण्यास आले. पेशव्यांस वकील-इ-मुत्लक हे पद, त्यासोबत माही-मरातबाचा बहुमान, म्हणजे सोनेरी माशाचे निशाण. ज्या बादशहाचे डोळे चार वर्षांपूर्वी गुलाम कादिराने काढले होते आणि ज्याची दिल्ली महादजींच्या फौजेवाचून एक दिवस उभी राहिली नसती, त्या बादशहाचे फर्मान गादीवर ठेवून त्यापुढे अठरा वर्षांच्या पेशव्याने तसलीम करावयाची. आणि ते पद स्वीकारण्यास प्रथम साताऱ्याची संमती घ्यावयाची. आंधळा बादशहा, साताऱ्यात जवळजवळ नजरकैदेत असलेले छत्रपती, आणि त्या दोघांच्या नावाने अर्धे हिंदुस्थान चालविणारे दोन कारभारी. कोणी म्हणेल, हा सारा देखावाच.

देखावा होता हे खरे. मी त्या काळाचा भाट नव्हे, आणि साताऱ्याच्या गादीची त्या शतकात जी विटंबना झाली ती पाहून कोणाही सहृदय वाचकास खेद होईल. शिवाय ही वस्त्रे नीतीची परीक्षा घेत नसत. नारायणरावांच्या खुनानंतर १७७३ साली रघुनाथरावांनाही ती मिळालीच. परंतु पुढच्याच वर्षी तीच वस्त्रे पुरंदरावरच्या पाळण्याकडे गेली आणि रघुनाथरावांचा हक्क कागदोपत्री बुडाला. ज्या चिन्हाला देणारा असतो ते परत घेता येते, निदान दुसऱ्याला देता येते. बळकावलेल्या मुकुटाच्या बाबतीत ही सोय नसते. तेथे एक तर डोके उरते किंवा उरत नाही.

आश्चर्य असे, की कल्पित राज्यांच्या ज्या निर्मात्याने या साऱ्या आधुनिक प्रकाराचा पाया घातला त्या टोल्किनला ही गोष्ट फार उत्तम रीतीने कळली होती. त्याच्या गोंडोर राज्यात राजवंश नाहीसा झाल्यावर कारभारी पिढ्यान्‌पिढ्या राज्य चालवितात; पण उंच सिंहासन रिकामे ठेवून ते त्याच्या पायऱ्यांशी एका काळ्या, साध्या आसनावर बसतात, त्यांच्या हाती पांढरी काठी असते, आणि त्यांच्या ध्वजावर कोणतेही चिन्ह नसते, नुसते पांढरे वस्त्र. कारभारी किती शतकांनी राजा होतो असे एका कारभाऱ्याचा पुत्र बापाला विचारतो, आणि बाप जे सांगतो त्याचा भावार्थ असा, की हलक्या राज्यांत थोड्या वर्षांत होत असेल, आपल्याकडे दहा हजार वर्षांतही व्हावयाचा नाही. हे वाचताना ज्या मराठी वाचकास शनिवारवाडा आणि सातारा आठवणार नाही त्याने आपला इतिहास मन लावून वाचलेला नाही असे खुशाल समजावे. आणि त्याच्या कादंबरीच्या १९५५ साली निघालेल्या शेवटच्या खंडात राजा परत येतो, तेव्हा कारभारी जमलेल्या लोकांना विचारतो की हा तुमचा राजा व्हावा का. लोक होय म्हणतात. मग मुकुट आणणारा वेगळा, तो डोक्यावर ठेवणारा वेगळा, कारण हा राजा आपल्या हातांनी तो घालीत नाही. या लेखकाच्या मागून जे आले त्यांनी त्याचे पर्वत घेतले, तलवारी घेतल्या, मुकुट तर घेतलेच. मुकुट देणारे हात मात्र पुष्कळांनी मागे ठेवले.

रायगडावर ६ जून १६७४ रोजी जो राज्याभिषेक झाला त्याचे वर्णन आपल्याकडे इतके झाले आहे की त्याविषयी लिहिताना संकोच वाटतो. तरी एक तपशील मला नेहमी अडवून धरतो. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन त्या दिवशी दरबारात होता, आणि सिंहासनाच्या दोन्ही अंगांस सोनेरी भाल्यांच्या टोकांवर काय काय लटकत होते ते त्याने लिहून ठेवले आहे: एका बाजूस मोठ्या दातांची सोन्याची दोन मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूस घोड्यांच्या शेपट्या, आणि एका उंच भाल्यावर सोन्याचा तराजू. मत्स्य हे मोगली दरबाराचे चिन्ह, शेपट्या मध्य आशियाच्या घोडेस्वारांच्या परंपरेतल्या, तराजू न्यायाचा. ज्या राज्याने मोगलांशी उभा दावा मांडला त्याने मोगलांचीच निशाणे आपल्या सिंहासनाशी लावावीत यात विसंगती पाहणारे पाहोत; मला त्यात एक शहाणपण दिसते. बाहेरच्या राजांना जी भाषा कळते त्या भाषेत आम्ही स्वतंत्र झालो हे त्यांना सांगितले, आणि घरच्या रयतेला जे सांगावयाचे ते सांगण्यास राजमुद्रा होती. ती मुद्रा अभिषेकापूर्वी कित्येक वर्षे कागदांवर उमटत होती. तिच्यात मुकुटाचा उल्लेख नाही. प्रतिपदेच्या चंद्राप्रमाणे वाढत जाणे आहे, पित्याचे नाव आहे, आणि मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे असे स्पष्ट आहे. मुकुटाविषयीच बोलावयाचे तर समकालीन डच आणि गोवळकोंड्याच्या चित्रांत महाराजांच्या मस्तकी तुऱ्याची पगडी दिसते. आज जो झगझगीत टोप आपण गृहीत धरतो तो बराचसा कॅलेंडरांनी आणि कपडेपटांनी घडविला आहे.

यानंतर इंग्रज आले, आणि खरी कल्पित राजेशाही त्यांनी आणली. डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी निपुत्रिक वारले; डलहौसीने दुसऱ्या वर्षी राज्य खालसा केले, त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीकडे गेला; वाड्यातील हत्ती, घोडे लिलावात निघाले, जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विकले गेले. आणि मग, १८५७ चा वणवा शमल्यावर, त्याच घराण्यातील दत्तकास किताब देण्यात आला तो देऊरचा राजा म्हणून. देऊर म्हणजे सातारा जिल्ह्यातील एक गाव. गोदावरीपासून कटकपर्यंत ज्यांची दौलत पसरली होती त्यांना एका गावाचे राजेपद देणे हा विनोद नव्हता. राज्य काढून घेऊन चिन्ह परत करण्याचा तो प्रयोग होता, आणि तो यशस्वी झाल्याने पुढे मोठ्या प्रमाणावर करण्यात आला.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीस लॉर्ड लिटनने जो दरबार भरविला त्यात व्हिक्टोरिया राणीस कैसर-इ-हिंद घोषित करण्यात आले, आणि जमलेल्या त्रेसष्ट राजेमहाराजांना सरकारतर्फे ध्वज देण्यात आले. रॉबर्ट टेलर नावाच्या बंगालच्या एका मुलकी अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील नव्वदांच्या आसपास संस्थानांसाठी युरोपी सरदारांच्या धर्तीवर ढाली आणि चिन्हे रचली होती. कोणाच्या कुळकथेतला सूर्य घेतला, कोणाचा नाग, कोणाच्या मुलखातला डोंगर, कोणाच्या पूर्वजाने इंग्रजांस केलेली मदत. रेशमी ध्वज, जड पितळी दांडा, आणि दांड्याच्या माथ्यावर इंग्लंडचा मुकुट. ते इतके जड होते की एक ध्वज उचलावयास दोन शिपाई लागत. चित्र काढण्यासाठी मुद्दाम बोलाविलेला इंग्रज चित्रकार व्हॅल प्रिन्सेप तो सारा थाट पाहून हताश झाला. शिंद्यांचे नाग, गायकवाडांचे ब्रीद ‘जीन घर, जीन तख्त’, आज आपण ज्यांना घराण्यांची पुरातन मानचिन्हे समजून कौतुकाने पाहतो, त्यांची ढालीतली मांडणी पुष्कळशी या काळातली आहे. नाग खरा, घोड्याचे जीन तर फारच खरे. ज्या घराण्याने घोड्याच्या पाठीवर राज्य कमावले त्याने जिनालाच तख्त म्हणावे यासारखे प्रामाणिक ब्रीद क्वचित सापडेल. पण त्या जिनावर बसणाऱ्याला आता घोडा कोठे न्यावयाचा हे विचारण्यास रेसिडेंटाकडे जावे लागत होते. बडोद्याचे सयाजीराव त्या दरबारी तेरा वर्षांचे होते आणि त्यांना ‘फर्झंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया’ म्हणजे इंग्रज दौलतीचा खासा पुत्र हा किताब मिळाला. फारसी शब्द, मोगली वजन, पण देणारा कोण आणि घेणारा कोण, हे त्या एका पदवीत पुरेपूर आले. त्याच वेळी दक्षिणेत दुष्काळ पडला होता.

त्या दरबारात एक मनुष्य हातसुताच्या पांढऱ्या खादीत गेला होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका. जरीच्या आणि हिऱ्यांच्या त्या महापुरात त्यांनी सभेतर्फे मानपत्र सादर केले आणि हिंदी लोकांस इंग्रज प्रजेच्या बरोबरीचे हक्क मिळावे ही मागणी त्यातून पुढे केली. खादीलाही त्या दिवशी राजचिन्हाचे सामर्थ्य आले असे मी म्हणतो, कारण ते कोणाच्या वतीने आले हे ती सांगत होती. आणि १२ डिसेंबर १९११ रोजी त्याच दिल्लीत, इंग्रज दौलतीचे ते खासे पुत्र सयाजीराव पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववून, अलंकारांचा भार न चढविता, पाठ फिरवून परत निघाले, तेव्हा विलायतेच्या वर्तमानपत्रांनी जो गहजब केला त्यावरून चिन्हांचे शास्त्र राज्यकर्त्यांना किती नेमके कळत होते हे दिसते.

२६ जानेवारी १९५० रोजी आपण सारनाथचे सिंह घेतले. सिंह घेतले, मुकुट घेतला नाही. ते सिंह ज्या चौथऱ्यावर उभे आहेत त्यावर धर्मचक्र आहे. त्या चिन्हाचा गैरवापर होऊ नये म्हणून २००५ साली कायदाही झाला. परंतु मुकुटाला कायदा नाही, आणि म्हणून तो मोकाट सुटला आहे. चांदीचा मुकुट, हातात तलवार, गळ्यात सफरचंदांचा हार, अशा वेषात व्यासपीठावर उभे राहण्यास आज एकाही पक्षाच्या पुढाऱ्याला संकोच वाटत नाही. मे २०२४ मध्ये वाराणसीस प्रफुल्ल पटेल यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या मस्तकी जिरेटोप ठेवला. महाराष्ट्रात त्यावर वाद उठला, आणि पुढे काळजी घेऊ असे पटेलांना म्हणावे लागले. वाद व्हावयास हवाच होता, पण तो महाराजांच्या अवमानापुरताच राहिला. मतदाराने पाच वर्षांच्या करारावर नेमलेल्या माणसाच्या डोक्यावर वंशपरंपरेचे चिन्ह, मग ते जिरेटोप असो की चांदीचा किरीट, ठेवण्याचा अधिकार मतदाराखेरीज दुसऱ्या कोणाला आहे, हे कोणी विचारले नाही. विचारणाऱ्याला उत्तर मिळाले असते की हा केवळ सत्कार आहे, त्यात एवढे काय. १८७७ साली टेलरसाहेबही हेच म्हणाले असते.

बस्तरला या सर्वांहून निराळा प्रकार आहे, आणि तो आमच्यापासून फार दूर नाही. जगदलपूरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो. त्याला रावण लागत नाही. त्यातील मुख्य विधींच्या आरंभी काट्यांच्या झोपाळ्यावर एका लहान मुलीस निजवितात, तिच्या अंगी काछनदेवी येते असे मानतात, आणि राजघराण्याच्या माणसाने तिच्याकडे उत्सवाची परवानगी मागावयाची. ही मुलगी मिरगान समाजातली, विणकाम करणाऱ्या घरची. तिने होकार दिला की रथ निघतो. त्या दुमजली रथावर आज दंतेश्वरीचे छत्र असते. छत्राखाली राजा बसलेला नसतो. मला या विधीत काव्य शोधावयाचे नाही. ज्या संस्थानाने या लोकांवर बिगारीचा आणि जंगलबंदीचा जुलूम लादला त्याच संस्थानाचा हा उत्सव आहे, आणि शेवटचा लोकप्रिय राजा प्रवीरचंद्र भंजदेव २५ मार्च १९६६ रोजी स्वतःच्या वाड्यात पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला, तेव्हा छत्र त्याला वाचवू शकले नाही. तरी राजाला वर्षातून एकदा विणकराच्या मुलीपुढे हात जोडावयास लावणारी ही रीत आमच्या चित्रपटांतल्या कोणत्याही महिष्मतीत मला आढळलेली नाही.

दसरा आटोपत आला की तेथे मुरिया दरबार भरतो. पूर्वी राजा बसत असे, आता मुख्यमंत्री बसतात. गावोगावचे मांझी, चालकी आणि पुजारी समोर जमतात, पाहुण्याच्या डोक्याला पगडी बांधतात, आणि मग रस्त्याची, पाण्याची, देवगुडीची, जमिनीच्या पट्ट्याची गाऱ्हाणी सुरू होतात. या पगडीला माझी हरकत नाही. ती बांधणारे दरबार उठेपर्यंत समोरच बसलेले असतात, आणि गतवर्षी दिलेल्या आश्वासनाचे काय झाले हे त्यांच्यातला कोणी ना कोणी विचारतोच.